पाण्याच्या यादीत आपाचं नाव नव्हतं

"सर, एक बाई पाहिजे."

रविवारची सकाळ होती. गावातले दोघे शेतकरी आले, बसले आणि चहा पुढ्यात येण्याआधीच त्यांनी विषय काढला. आमच्या मायनरवर पाणी वापर संस्था आहे. तिच्या संचालक मंडळाची मुदत संपली होती आणि महिलांसाठी राखीव असलेल्या जागेला टेलच्या भागातून नावच मिळत नव्हतं. माझी तीन एकर जमीन अगदी टेलला.

"मॅडमचं नाव द्या न सर. बैठकीले याची काही गरज नाही. रजिस्टर तुमच्या घरीच आणून देऊ सहीले."

"तिच्या नावावर जमीन नाही," मी म्हणालो.

"मंग घरातल्या कोणत्या बाईच्या नावावर आहे?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. सातबारा माझ्या कपाटातच होता. त्यावर दोन नावं आहेत, माझं आणि धाकट्या भावाचं. एके काळी चार होती. उरलेली दोन ज्या कागदाने कमी झाली, तो कागद तयार करण्यात पुढाकार माझा होता.

हा लेख त्या कमी झालेल्या नावांबद्दल आहे. पण तिथे पोहोचायला नहरीच्या काठाने थोडं चालावं लागेल.

आमचं गाव वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं. हिंगणीजवळ बोर नदीवर १९६५ साली बांधून झालेल्या धरणाचं पाणी आमच्या शिवारात येतं. सरकारी कागदावर त्याला 'कालवा' म्हणतात, गावात मात्र कोणी म्हणत नाही. कुणबी, तेली, बौद्ध, मुसलमान सगळे 'नहर' म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून असे शब्द माझ्या कानाला लवकर लागतात. नहर अरबी. रब्बी आणि खरीप हेही अरबी, मूळ अर्थ वसंत आणि शरद. पाण्यासाठी करायचा तो 'अर्ज', साहेब देतात ती 'मंजुरी', मागतो तो 'हक्क' आणि मिळतो तो 'हिस्सा'. शेताच्या भाषेत आमच्या पूर्वजांचा वाटा असा ठासून भरलेला आहे. शेताच्या पाण्यात तो किती आहे, हा प्रश्न मात्र वेगळा.

आणखी एक शब्द सांगतो, 'मक्ता'. दुसऱ्याची जमीन वर्षाच्या ठरलेल्या पैशांवर कसायची, त्याला आमच्याकडे मक्त्याने करणं म्हणतात. अब्बांनी आयुष्याची पंचवीस वर्षं मक्त्याची शेती केली. खरिपात कपाशी आणि तूर, रब्बीत गहू आणि चणा. मक्ता तोंडी असायचा. गुढीपाडव्याच्या आसपास मालकाच्या ओसरीवर बसून ठरायचा, कागद नाही, सही नाही. पाण्याचा सात नंबरचा अर्ज मालकाच्या नावाने भरला जायचा आणि पाणीपट्टी अब्बा द्यायचे. पावतीवर नाव मालकाचंच.

रब्बीची पाणीपाळी आली की रात्रीचं पाणी मक्तेदाराच्या वाट्याला येई. कारण दिवसा हेडवाले सोडत नसत. डिसेंबरच्या थंडीत अब्बा आणि माझी मोठी बहीण चारीवर जायचे. मी तेव्हा चौथी-पाचवीत, कंदील धरायला असायचो. आपा तेरा-चौदाची असेल. ती फावडं घेऊन चारीचं तोंड फोडायची आणि वाफा भरला की चिखलाने बुजवायची. पाणी किती आलंय ते ती अंधारात आवाजावरून सांगायची. "अब्बा, ऊपर किसी ने तोड लिया," असं ती म्हणाली की अब्बा वर जाऊन बघायचे, आणि खरंच कुणीतरी वर फोडलेलं असायचं. एकदा त्यावरून भांडण झालं, काठी निघाली. तेव्हा आपा मधे उभी राहून म्हणाली होती, आधी तुमचा वाफा भरू द्या, पण भरल्यावर आमच्याकडे सोडा, मी इथेच उभी राहते. ती पहाटेपर्यंत उभी राहिली.

माझ्या दृष्टीने आमच्या मायनरची पाणी वापर संस्था त्या रात्री जन्मली. कागदावर ती जन्मली पुष्कळ नंतर.

पाण्याची संस्था जन्मते कशी, हे महाराष्ट्रातल्या जुन्या-नव्या उदाहरणांवरून पाहण्यासारखं आहे. धुळे-नाशिककडे पांझरेसारख्या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे सगळ्यांची पाण्याची गरज एकाच वेळी येते आणि कोणाची चोरी लपत नाही. गावाने निवडलेले पंच वर, आणि पाणी प्रत्यक्ष फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांची मजुरी शेतकरीच देत. त्यांना कोणी कायदा करून दिला नव्हता. नदी लहान, माणसं जास्त, भांडायचं नसेल तर वाटून घ्या, एवढंच त्यामागचं शहाणपण.

आमच्या पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत मालगुजारी तलाव आहेत, हजारोंच्या संख्येने. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने ते बांधले. पुढे मालगुजार आणि गावकरी मिळून त्यांची देखभाल करायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जायलाच हवी होती, त्याबद्दल दुःख नाही. पण तलाव सरकारचे झाले आणि गाळ काढणं हे कोणाचंच काम राहिलं नाही. मालक बदलला की पाणी आपोआप लोकांचं होत नाही, हा धडा त्या गाळाखाली आहे.

मग सरकारी कालवे. आमचा वर्धा जिल्हा जुन्या मध्यप्रांतातला, म्हणून इथे १९३१ चा मध्यप्रांताचा इरिगेशन अ‍ॅक्ट होता. नंतर साऱ्या राज्यासाठी १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला. यात नातं दोघांचंच होतं, खातं आणि अर्जदार. पंधरा ऑक्टोबरला धरणात किती पाणी आहे ते बघून रब्बीच्या पाळ्या ठरतात. ते ठरलं की अर्ज करायचे आणि मोजणीदाराने क्षेत्र मोजायचं. शेजारी शेजाऱ्याशी बोलला नाही तरी चालत होतं. दोघांनाही चौकीदाराशी बोलावं लागायचं. हेडवाल्याचं चौकीदाराशी जमायचं आणि टेलवाला अर्ज घेऊन कार्यालयात जायचा.

ही कोंडी दोन ठिकाणी दोन प्रकारे फुटली. पहिलं ठिकाण पुरंदर तालुक्यातलं नायगाव. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचले तर अंगावर काटा येतो. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. उसाला पाणी नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. शेवटचा नियम पुन्हा वाचा. जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा.

दुसरं ठिकाण नाशिक जिल्ह्यातलं ओझर. वाघाड धरणाच्या कालव्याच्या अगदी टेलला असल्यामुळे ओझरला पाणी नावालाच पोहोचायचं. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी लोकांना एकत्र केलं आणि १९९० च्या सुमारास तिथे तीन पाणी वापर संस्था झाल्या. पाणी मोजून घेणार, पैसे मोजून देणार, वाटणी आम्ही करणार, असा त्यांचा करार. पुढे वाघाडवर चोवीस संस्था झाल्या आणि सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या प्रकल्पस्तरीय संस्थेकडे आलं. लक्षात घेण्यासारखं हे, की सुरुवात हेडने केली नाही, टेलने केली. ज्याच्या शेतात पाणी भरभरून येतं, त्याला संस्थेची गरज वाटत नाही.

या अनुभवानंतर २००५ चा कायदा आला, महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम. त्याच वर्षी जागतिक बँकेच्या कर्जातून जलक्षेत्र सुधारणेचा प्रकल्पही सुरू झाला. कायदा चांगला आहे, मी मनापासून म्हणतो. पाणी घनमापाने मोजून द्यायचं, पीक कोणतं घ्यायचं ते शेतकऱ्याने ठरवायचं, संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल यांना सारखं प्रतिनिधित्व, महिलांना राखीव जागा. ओझरच्या लोकांनी भांडून जे मिळवलं, ते राज्यातल्या प्रत्येक मायनरला कायद्याने देऊ केलं.

पण जे भांडून मिळतं आणि जे परिपत्रकाने येतं, यात फरक पडतोच. आमच्या गावात संस्था झाली ती एका दुपारी शाळेच्या वर्गखोलीत. यादी तयार होऊन आली होती. सातबाऱ्यावरून नावं काढलेली, त्यात तीन मेलेल्यांची. ज्यांनी त्या वर्षी प्रत्यक्ष पेरलं होतं, त्यातले सात-आठ मक्तेदार यादीत नव्हते. ते खिडकीबाहेर उभे राहून ऐकत होते. मी आत होतो. तोवर अब्बांनी टेलची ती तीन एकर विकत घेतली होती आणि अब्बा गेल्यानंतर आम्ही भाऊ जमीनधारक झालो होतो. खिडकीच्या बाहेरून आत यायला आमच्या घराला एक पिढी लागली. आत आल्यावर मी बाहेर पाहिलं का? नाही. मी अध्यक्ष कोण होतो ते पाहिलं.

आता त्या दोन नावांकडे येतो.

अब्बा गेले तेव्हा तलाठ्याने वारसनोंद केली. अम्मी, आपा, मी आणि धाकटा भाऊ अशी चार नावं चढली. वर्षभरात सोसायटीच्या कर्जासाठी "नावं कमी असली की सोपं जातं" असं कोणीतरी सांगितलं. मी हक्कसोडपत्र तयार करून घेतलं. अम्मीने अंगठा दिला. आपा सासरहून आली. कागद वाचायला मागितला नाही. "तुम लोग हो ना," एवढंच म्हणाली आणि सही केली. मी बीएड झालेला माणूस. मुलांना वारसाहक्काचा धडा शिकवतो. कुरआनने मुलीचा हिस्सा ठरवून दिला आहे, तो कोणाच्या मर्जीवर ठेवलेला नाही, हे जुम्याच्या बयानात मी शंभरदा ऐकलं आहे. तरीही त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी असं होतं. सासरचं गाव चाळीस किलोमीटरवर, ती काय शेती करायला येणार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे तिचे मियाँ वारले आणि ती दोन मुलं घेऊन आमच्याच गावात परत आली. आज माझ्या तीन एकरावर रोज जाणारी एकच व्यक्ती आहे, ती आपा. मी शाळेत असतो, भाऊ नागपुरात.

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर मी तिला सहज सांगितलं, अशी अशी जागा आहे, पण सातबाऱ्यावर नाव नसल्याने तुझं देता येत नाही. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मतलब जमीन में से गई तो पानी में से भी गई?"

यावर मला तीन-चार उत्तरं सुचली. सगळी कायद्याची होती. मी एकही दिलं नाही.

तेव्हापासून विचार करतो आहे. माझं मत एवढंच आहे, की पाण्याची संस्था पुढे कशी चालेल हे तिच्या पहिल्या यादीवर ठरतं. पहिल्या यादीत ज्यांची नावं नसतात, त्यांच्यासाठी नंतर नियम बदलत नाहीत, कारण नियम बदलायला यादीत असावं लागतं. सातबारा ही जमिनीची यादी आहे, पाण्याची नाही. आपण जमिनीची यादी उचलून पाण्याच्या संस्थेला चिकटवली आणि जमिनीतला सगळा जुना अन्याय पाण्यात उतरू दिला.

देशात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार शेतजमीन कसणाऱ्या खातेदारांत बाया जेमतेम १४ टक्के आहेत. निंदण, वेचणी, पाणी देणं या कामांत त्या किती आहेत, ते बांधावर जाऊन मोजा. मग "राखीव जागेला बाई मिळत नाही" या तक्रारीचा अर्थ कळतो. बाई बांधावर असते, तिचं नाव मात्र सातबाऱ्यावर नसतं. आणि मग जागा भरायला कोणाच्या तरी मॅडमचं नाव लागतं, रजिस्टर घरी जातं, सही होऊन परत येतं. कायद्याने दार उघडलं आणि आपण त्या दारात एक सही उभी केली.

माझ्या मुस्लिम वाचकांना इथे थोडं वेगळं सांगायचं आहे. पाण्याच्या वाटपाबद्दल आपल्या परंपरेत जेवढं आहे तेवढं क्वचितच कुठे असेल. पाणी, चारा आणि अग्नी यांत सगळ्यांची भागी आहे, या आशयाची हदीस आपल्याला पाठ असते. मदिनेत रूमा नावाची विहीर होती, तिचा मालक पाणी विकायचा. हजरत उस्मान यांनी ती विकत घेऊन सगळ्यांसाठी वक्फ केली, हा किस्सा आपण मुलांना सांगतो. पण मला त्याहून जवळची वाटते ती हजरत झुबैर यांची गोष्ट. मदिनेजवळच्या हर्रा भागात पाटाच्या पाण्यावरून त्यांचा एका अन्सारी शेजाऱ्याशी तंटा झाला. झुबैर यांचं शेत वरच्या अंगाला, म्हणजे आपल्या भाषेत ते हेडवाले. पैगंबर (स.) यांनी आधी सांगितलं, की तू पाणी दे आणि मग शेजाऱ्याकडे सोड. शेजाऱ्याला तेही मान्य झालं नाही. तो म्हणाला, तुमचे नातेवाईक म्हणून असा निवाडा. तेव्हा पैगंबरांनी वरच्याचा पूर्ण हक्क सांगितला, बांधापर्यंत पाणी भर आणि मग सोड. पुढे फिकहच्या जाणकारांनी त्याचं माप घोट्याइतकं पाणी असं धरलं.

या गोष्टीत दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. एक म्हणजे वरच्याला हक्क आहे, पण तो घोट्यापाशी संपतो. दुसरी म्हणजे खालच्याला निवाड्यावर शंका घेण्याची मुभा होती, आणि ती त्याने थेट पैगंबरांसमोर घेतली. आमच्या संस्थेच्या बैठकीत टेलवाल्याने अध्यक्षांवर नातेवाइकांचा आरोप केला, तर काय होतं ते मी पाहिलं आहे.

हीच परंपरा पाटापाटाने फार दूर गेली. अरबीत पाटाला 'साकिया' म्हणतात. तोच शब्द स्पेनमध्ये 'असेकिया' झाला. तिथल्या वालेन्सिया शहरात आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं. पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात, तक्रार तोंडी, निवाडाही तोंडी. त्याची मुळं अरबांच्या काळात सांगतात. २००९ साली युनेस्कोने ते अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. इकडे औरंगाबादेत मलिक अंबरने जमिनीखालून नहर आणली, तिच्या नावातच नहर आणि अंबर एकत्र आहेत. शाळेच्या सहलीला मी मुलांना पाणचक्की दाखवतो आणि अभिमानाने सांगतो.

पण अभिमान सांगून झाल्यावर आपल्या गावात आपण काय करतो? मशिदीच्या हौदाला नवी फरशी बसवायची असली तर जमातीच्या बैठकीला चाळीस माणसं येतात. पाणी वापर संस्थेच्या सर्वसाधारण सभेला आपल्यातले दोन. बाकीचे म्हणतात, "अपना क्या है उसमें?" मक्तेदाराला वाटतं जमीन आपली नाही, जमीनवाल्याला वाटतं गाव आपलं ऐकणार नाही. कोणी बोलावलं नाही हे खरं असेल, पण आपण दार ठोठावलं नाही हेही तेवढंच खरं. आणि बहिणींच्या बाबतीत तर बाहेरच्या कोणाला दोष देण्याची सोयच नाही. तिथे हिस्सा देणारा हुकूम आपल्या घरातला, आणि तो सोडवून घेणारा कागदही आपल्याच घरातला. दुसरे आमचा हक्क मारतात असं व्यासपीठावरून सांगण्याआधी मला माझ्या कपाटातला सातबारा आठवतो.

इतर वाचकांनीही यात फक्त मुसलमानांची गोष्ट वाचू नये. हक्कसोडपत्रावर सही करून माहेरचा भात आणि साडी घेऊन परत जाणाऱ्या बहिणी प्रत्येक आळीत आहेत. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या त्या सात-आठ मक्तेदारांत दोनच मुसलमान होते. बाकीचे बौद्ध, आदिवासी आणि ज्यांची जमीन कर्जात गेली असे कुणबी. पाण्याचा हक्क म्हटलं की या महाराष्ट्राला २० मार्च १९२७ चं महाड आठवायला हवं. चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, तेव्हा तळ्याकाठी जमीन कोणाची आहे हे विचारायला गेले नव्हते. माणूस म्हणून पाण्यावरचा हक्क सांगायला गेले होते.

आता माझ्या म्हणण्यावरचे आक्षेप. संस्थेच्या एका जाणत्या सभासदाशी मी यावर तासभर बोललो. त्यांचं म्हणणं असं, की सर, पाणीपट्टी वसूल करायची तर जमीन हाताशी लागते. मक्तेदार आज आहे, उद्या नाही. थकबाकी ठेवून गेला तर संस्था कोणाला धरणार? दुसरं, मक्तेदाराचं नाव कुठेही लागलं की मालक घाबरतो. विदर्भात १९५८ चा कुळकायदा आहे, कुळाचा हक्क लागेल ही भीती अजून गेलेली नाही. तुम्ही त्याला सभासद करायला जाल आणि मालक त्याचा मक्ताच काढून घेईल.

दोन्ही मुद्दे खरे आहेत. विशेषतः दुसरा. कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून केलेल्या कायद्याच्या भीतीने आज कसणाऱ्याचं नाव कागदावर येत नाही, हे कटू आहे पण आहे. म्हणून मी मक्तेदाराला जमीनमालकासारखं सभासद करा म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की पाळ्या ठरवण्याच्या बैठकीला त्या वर्षी प्रत्यक्ष पेरणाऱ्या प्रत्येकाला बोलवा. कोणत्या चारीला कधी पाणी, रात्रीची पाळी कोणाला, हे ठरवताना त्याला बोलू द्या. त्याने भरलेल्या पाणीपट्टीची नोंद संस्थेच्या वहीत त्याच्या नावासमोर ठेवा, मग पावती कोणाच्याही नावाची असो. वसुलीचं म्हणाल, तर अब्बांनी पंचवीस वर्षांत एकदाही पाणीपट्टी थकवली नाही. थकबाकीच्या यादीत वरची नावं कोणाची असतात, हे त्या जाणत्या सभासदांनाही ठाऊक होतं. ते हसले आणि म्हणाले, "ते जाऊ द्या न सर."

पहिल्या आक्षेपाला साळुंखेंच्या पाणी पंचायतीने पन्नास वर्षांपूर्वीच उत्तर दिलं आहे. जमीन न धरताही पाण्याचा हिशेब ठेवता येतो, माणूस मोजायची तयारी हवी. त्यांची पद्धत आपल्याकडे जशीच्या तशी चालेल असं नाही. लहान उपसा योजना वेगळी आणि मोठ्या धरणाची नहर वेगळी. पण संस्था म्हणजे फक्त जमीनधारकांची वही नव्हे, एवढं तरी तिथून घेता येईल.

बायांच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, तेव्हा विदर्भातल्या कितीतरी नवऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. त्यानंतर नव्वदच्या दशकात शासनानेही त्याच नावाने सोय केली, नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. ही सोय गावात किती जणांना माहीत आहे? मी शाळेच्या पालकसभेत विचारलं, दोन हात वर आले. ज्या गावाला राखीव जागेसाठी बाई मिळत नाही, त्या गावाने बाई शोधू नये, सातबारा दुरुस्त करावा. दहा घरांनी अर्ज केले तर दहा नावं मिळतील आणि रजिस्टर कोणाच्या घरी न्यावं लागणार नाही.

बहिणीचं नाव मात्र एवढं सोपं परत लागत नाही, हे मला आता कळलं आहे. सोडलेला हक्क परत द्यायला नोंदणीकृत बक्षीसपत्र लागतं, भावाची संमती लागते, खर्च लागतो. काढायला एक दुपार पुरली होती. भावाला मी फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "भाईजान, मैं ही बोलने वाला था, हिम्मत नहीं हुई." खरं-खोटं अल्लाह जाणे, पण मला बरं वाटलं. अम्मी आता नाही. तिचं नाव परत लावता येणार नाही, त्याची तौबा माझी मलाच करायची आहे.

आपाला सांगितलं तेव्हा मला वाटलं ती रडेल किंवा दुआ देईल. तिने विचारलं, "फिर मीटिंग में बोलने देंगे क्या?"

मी म्हणालो, देतील.

"पहले बोलूंगी कि रात की बारी टेल को ही क्यूं?"

बक्षीसपत्राचा मसुदा झाला आहे, नोंदणी व्हायची आहे. त्यानंतर फेरफार, मग सातबारा, मग संस्थेची यादी. या निवडणुकीला तिचं नाव लागलं नाही. राखीव जागा दुसऱ्याच एका घरच्या सहीने भरली आणि रजिस्टर त्या घरी जाऊन आलं. पुढच्या वेळी ते आमच्या घरी येणार नाही. आपा स्वतः बैठकीला जाईल, अशी मला आशा आहे. तिला चारीवर पहाटेपर्यंत उभं राहायची सवय आहे, वर्गखोलीत दोन तास बसणं काही अवघड जाणार नाही.

तुमच्या घरचा सातबारा काढून बघा. किती नावं होती आणि किती उरली, ते मोजा.